कानावरचा हात

शाहिरानं कानावर हात ठेवला की लोकांना ती पोवाड्याची ऐट वाटते. ऐट कसली डोंबलाची! डफ-ढोलकीच्या दणक्यात स्वतःचा सूर स्वतःला ऐकू यावा म्हणून ठेवतात तो. गाणारा आधी ऐकतो, मग गातो. कान गेला की गळा कितीही गोड असो, सूर वाट सोडतो.

माझा सुटायला लागला होता. कितीतरी वर्षं स्पीकरच्या भिंतींपुढं उभी राहून गायले. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की परत उगवत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि दोन्ही कानांना मशीन दिलं. सूर परत सापडला. पण आमच्या पथकाचे म्होरके बाळासोकाका म्हणाले, "वर्षाराणी, बहिऱ्या शाहिराला कोण ऐकणार गं? औंदा म्होरं आपल्या पथकातला पृथ्वीराज गाईल. तू मागं साथीला झील वड."

"आजची शिवजयंती मीच गाणार, काका. सूर चुकला तर उद्यापास्नं मागं उभी ऱ्हाते."

तालमीपुढचा मांडव गच्च भरला होता. पहिल्या आरोळीला सवयीनं हात कानाकडं गेला आणि मशीननं शिट्टी मारली. हात अगदी जवळ आला की ही मशीनं केकाटतात. घरी हळू आवाजात सराव करताना मी कधी कानाला हात लावलाच नव्हता. माईकनं ती शिट्टी मांडवभर नेली, पोरं फिदीफिदी हसली.

"काढ ते मशीन!" काका मागून दबक्या आवाजात ओरडले. "हात ठेव नीट!"

काढलं असतं तर ऐट राहिली असती आणि सूर गेला असता. माझं डोकंच सणकलं. हात खाली घेऊन मी माईकवर बोलले, "पावणं, हसून झालं का? चष्मा लावून कुस्ती बघायला येतायसा की, तवा कोण हसतंय? आता गुमान ऐका."

मी पहिला चरण उचलला. वरच्या सुराकडं गेले आणि सूर जिथं लागायचा तिथंच लागला. मला तो स्वच्छ ऐकू आला. रडूच आलं, तरी आवाज हलू दिला नाही.

मागच्या साथीदारांची झील मात्र उठेना. सगळे काकांकडं बघत थांबलेले. दुसरा चरण मी एकटीनंच गायला. तिसऱ्याला मागून एकच आवाज आला, बाळासोकाकांचा. सूर चांगलाच उतरलेला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तेही जन्मभर त्याच भिंतींपुढं उभे होते.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांचं मनगट धरलं. "काका, उद्या माझ्यासंगं डॉक्टरीणबाईंकडं चला. न्हायतर झील बी दुसऱ्याला द्यावी लागंल."