आरतीची जोडी

वारज्याच्या सोसायटीत गणपतीची आरती रोज एका जोडप्याच्या हातून होते. बावीस वर्षं एका घरात राहणाऱ्या शरच्चंद्र आणि दिगंबरला मात्र यादीत नेहमी दोन वेगळे वार मिळत. यंदा फळ्यावर दोघांची नावं एका ओळीत दिसली, तेव्हा शरच्चंद्रांना थट्टेचाच वास आला. यादी करणाऱ्या हेमाताई एके काळी गॅदरिंगमध्ये टीव्हीवरच्या लचकत चालणाऱ्या विनोदी पात्राची नक्कल करून टाळ्या घेत. शरच्चंद्रही पहिल्या रांगेत बसून हसत, कारण न हसणं अंगाशी आलं असतं.

दिगंबर तर दोघांचे झब्बे इस्त्रीला घेऊनही बसला. शरच्चंद्रांनी सरळ हेमाताईंचं दार वाजवलं.

"यादीत चूक झालीय."

"चूक कसली? अहो, आठच्या मालिकेत तो बँकेतला मॅनेजर आणि त्याचा जोडीदार नाहीत का? किती सोज्वळ आहेत दोघं. अगदी तुमच्यासारखे. आम्ही एक भाग चुकवत नाही."

शरच्चंद्रांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"बरं," ते म्हणाले. "आणि ही मालिका संपतेय कधी?"