अकरा रिकाम्या जागा

नवलला अर्धवट काही बघवत नसे. चोपड्याच्या बसस्टँडमागे त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. केळीच्या मळ्यांतल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी तिथे येतात आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे पोटात घेऊन परत जातात. हातातली मोटार पुरी झाल्याशिवाय तो जेवायला उठत नाही. शेजारचा सायकलवाला पंक्चर अर्धं टाकून चहाला गेला, तर परत येईपर्यंत नवलने ते काढून ठेवलेलं असतं. लोक त्याला कामाचा माणूस म्हणतात. घरातल्या दोघींनी मात्र या गुणापुढे हात टेकले होते.

बायको नूतन दीड वर्षापूर्वी धुळ्याला माहेरी निघून गेली. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. ती ब्लाउज शिवायची. हा तिचं मशीन उघडून तेल घालायचा, कापड मापून ठेवायचा, गिऱ्हाईक बाई दारात आली की नूतनच्या आधी तिचं माप सांगायचा. एके दिवशी नूतनने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "या घरात माझ्या वाटणीला काय उरलंय, तेवढं सांगा." नवलला वाटलं, हिला कामाचा शीण आलाय. त्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकही केला. चौथ्या दिवशी ती गेली. आता ती धुळ्यात एका शिवणवर्गात शिकवते आणि, बघणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, मजेत आहे.

मुलगी भाविका आईबरोबर गेली. बारा वर्षांची, सातवीत. सुरुवातीला ती महिन्यातून एकदा चोपड्याला यायची. मग ऑगस्टात तिच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन निघालं. बाप मोटारीवाला, तेव्हा पोरीने चोपड्याला येऊन मोटारच करायला घेतली. लाकडाची पट्टी, दोन चुंबकं, दुकानातली पातळ तार. दोन दिवस खपून तिने बेचाळीस वेढे घातले. वेढे वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले. मोटार फिरायची, पण धापा टाकत फिरायची. ती आंघोळीला गेली आणि नवलचे हात शिवशिवले. ती केस पुसत बाहेर येईपर्यंत त्याने सगळी तार उकलून साठ वेढे ओळीत बसवले होते, आणि मोटार भिंगरीसारखी पळत होती. "बघ," तो म्हणाला. भाविकाने बघितलं.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, वेढे किती? ती बेचाळीस म्हणाली. त्यांनी मोजले. साठ भरले. मग ते हसले, त्यांच्यामागे सगळी रांग हसली, आणि एकाने विचारलं, की ही मोटार केली तरी कोणी? तेव्हापासून ती चोपड्याला आली नव्हती. फोनवर हो, नाही आणि ठीक आहे, एवढे तीनच शब्द तिने बापासाठी शिल्लक ठेवले होते.

राहता राहिला तो गेम. सगळी एकत्र होती तेव्हा तिनेच तो बापाच्या मोबाइलवर घालून दिला होता. गेममध्ये एक गाव आहे, नदी आहे, समुद्र आहे. आपण तिथे घर बांधायचं, मासे धरायचे, किडे पकडायचे, शंख वेचायचे. गावाच्या मधोमध एक संग्रहालय आहे. सुरुवातीला ते रिकामं असतं, नुसत्या चौकटी. आपल्याला सापडलेली वस्तू तिथल्या म्हाताऱ्या कासवाकडे नेऊन द्यायची. ते ती चौकटीत मांडतं आणि खाली देणाऱ्याच्या नावाची पाटी लावतं. एक वस्तू एकदाच घेतात. तीच पुन्हा नेली तर कासव मान हलवतं. आणि एकदा दिलेलं परत मिळत नाही. बापलेक एकाच गावात राहत होते, म्हणजे संग्रहालय दोघांचं एकच. कासवाला भाविकाने नाव ठेवलं होतं कासवआबा. लहान पोरांचा गेम म्हणून त्यात लिहायची, बोलायची सोय नव्हती. हात हलवणं, टाळ्या, नमस्कार आणि नाच, एवढ्यावर भागवायचं.

फोनवर न बोलणारी भाविका या गावात मात्र येत राहिली. दर रविवारी दुपारी चारला. डोक्यावर पिवळी टोपी, हातात बरणी नाहीतर मासा. ती कासवआबाला वस्तू द्यायची. निळ्या शर्टातला नवल तिथे उभाच असायचा. ती हात हलवायची, तो हात हलवायचा, दोघं मिळून नव्या पाटीसमोर थोडा वेळ थांबायचे, मग ती जायची. पाच-सात मिनिटांचा मामला. पण सोमवारपासून नवल रविवारकडे डोळे लावून बसे.

संक्रांतीनंतर तो धुळ्याला जाऊन आला. नूतनचे वडील लोटनआबा ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि निवाडा दिला.

"मे महिनामा सुट्टी शे. पोरनी मर्जी व्हयनी ते येई चोपडाले. तिले कोन्ही दामटानं नई. तुम्ही बी नई."

"आणि नूतन?"

आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआडून नूतनच म्हणाली, "भावू आली तर मी सोडायला येईन. दोन दिवस राहीन. पुढचं पुढे." मेच्या पहिल्या आठवड्यात, असं ठरलं. म्हणजे नवलचं घर पुन्हा उभं राहायचं की नाही, ते एका बारा वर्षांच्या पोरीच्या मर्जीवर आलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर संग्रहालयात अकरा चौकटी रिकाम्या राहिल्या होत्या. नवलने त्या रोज मोजल्या. त्याच्या मनाने घेतलं, की आता उरलेल्या वस्तू अवघड असणार, पोर आठवडाभर मरमर करते तेव्हा कुठे एक हाती लागते. या वेगाने ती कंटाळणार. कंटाळून तिने गेमच सोडला तर? मग रविवार गेला, आणि रविवार गेला तर मे महिना कसला येतोय. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. मोटारीत खाचांना कागद लावतानाही त्याला त्या अकरा चौकटी दिसत.

गुरुवारी सकाळी त्याने काम हातात घेतलं. उरलेले काही मासे पावसाळ्यातच मिळतात आणि काही किडे थंडीतच, हे त्याने शोधून काढलं. मग त्याने मोबाइलचं घड्याळ जुलैवर नेलं. गेमने मुकाट्याने पाऊस पाडला. घड्याळ डिसेंबरवर नेलं, की गावात धुकं उतरलं. बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं आणि हा आत बसून हिवाळ्यातले भुंगे धरत होता.

मळ्यातली मोटार न्यायला जीवराम आला, तो दारातच थबकला.

"नवलभाऊ, मोटर व्हयनी का?"

"वार्निश ओलं शे अजून. उद्या ये."

"बठ्ठा दिन मोबाइलमा डोकं घालीसन बसतस तुम्ही, वार्निश कसं वाळी?"

नवल हसला, पण मान वर केली नाही. गिऱ्हाईक कामासाठी ताटकळलं, असं त्याच्या जन्मात घडलं नव्हतं. जीवराम उभ्या उभ्या दोन मिनिटं बघत राहिला आणि सायकलवाल्याकडे जाऊन काहीतरी बोलला. दोघंही हसले.

शुक्रवारी संध्याकाळी अकरावी वस्तू, एक पारदर्शक कोळंबी, नवलने कासवआबाच्या हाती दिली. संग्रहालयावर आतषबाजी झाली. कासवआबांनी निळ्या शर्टाला हार घातला. फाटकावर सोनेरी पाटी लागली, संग्रहालय पूर्ण. नवलने दुकानात एकट्यानेच मांडीवर थाप मारली. किती तरी दिवसांनी त्याचं मन निवांत झालं. रविवारी भावू येईल, ही पाटी बघेल, आणि मग तिला कळेल की पप्पा आपल्यासाठी काय काय करतात. या आनंदात त्याने शनिवारी घर धुऊन काढलं.

रविवारी पावणेचारलाच तो दुकानाचं शटर अर्धं ओढून बसला. निळा शर्ट कासवआबाशेजारी उभा केला. चारला फाटकातून पिवळी टोपी आत आली. सोनेरी पाटीखाली ती थांबली, पण थोडीच. तिच्या हातात काचेची बरणी होती, बरणीत एक काजवा. ती नेहमीसारखी कासवआबासमोर गेली आणि बरणी पुढे केली. कासवआबांनी मान हलवली.

तिने पुन्हा पुढे केली. त्यांनी पुन्हा मान हलवली.

पिवळी टोपी वळली आणि बाहेर गेली. दोन मिनिटांनी परत आली. आता हातात एक लांबडा मासा होता. मान हलली. तिसऱ्यांदा ती भुंगा घेऊन आली. मान हलली. मग ती दालनांमधून हिंडू लागली. नव्या चौकटीसमोर थांबायची, खालची पाटी बघायची, पुढे जायची. नवल, नवल, नवल. अकराही पाट्या तिने वाचल्या. काहीतरी करायला हवं म्हणून नवल हात हलवायची कळ दाबायला गेला आणि घाईत त्याने टाळ्यांची दाबली. निळा शर्ट टाळ्या वाजवायला लागला. त्या थांबवायच्या कशा, तेच त्याला सापडेना. पोर पाट्या वाचत उभी आणि बाप मागे टाळ्या पिटतोय, असा तो देखावा बराच वेळ चालला.

ती निघून गेल्यावर तो तिच्यामागे गेला. बोलावल्याशिवाय गावात कोणाच्या घरी जायचं नाही, हे भाविकानेच त्याला शिकवलं होतं आणि आजवर त्याने ते पाळलं होतं. आज दार उघडंच होतं. आत ती नव्हती. ती गेम बंद करून गेली होती. मागच्या भिंतीला लागून छोटे चौरंग ओळीने मांडले होते. पहिल्यावर काजव्याची बरणी. दुसऱ्यावर लांबडा मासा. तिसऱ्यावर भुंगा. मग शंख, मग पाकोळी, अशा करत शेवटी एक पारदर्शक कोळंबी. नवलने मोजले. अकरा होते.

सगळं तिच्याकडे होतं. कधीपासून, कोण जाणे, पण होतं. मनात आणलं असतं तर एका दुपारी तिने संग्रहालय भरून टाकलं असतं. तिने ते भरलं नव्हतं. नवलने दुकानाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि आजच्यापासून रविवार मोजले. फेब्रुवारीचा हा एक, मार्चचे पाच, एप्रिलचे चार, आणि मेचा पहिला. अकरा. पोरीने एकेका रविवारी एकेक वस्तू द्यायची असं ठरवून, मे महिन्यापर्यंत बापाला भेटत राहायची व्यवस्था करून ठेवली होती. बोलायला जमत नव्हतं, म्हणून तिने हे केलं होतं. आणि त्याने दोन दिवसांत सगळे रविवार संपवून टाकले होते.

त्याला तिथेच बसून रडू आलं. पण रडण्यापेक्षा काही करावं हा त्याचा स्वभाव, म्हणून तो संग्रहालयात धावला, कासवआबासमोर उभा राहिला आणि दिसेल ती कळ दाबत सुटला. एखादी वस्तू परत मिळते का, एखादी पाटी निघते का. कासवआबा प्रत्येक वेळी त्याला वाकून धन्यवाद देत होते.

शेवटी त्याने धुळ्याला फोन लावला. नूतनने उचलला.

"भावूला दे ना."

फोन हातातून हातात गेला. पलीकडे श्वास ऐकू आला.

"हो," भाविका म्हणाली.

"भावू, मला ठाऊक नव्हतं गं. मला वाटलं, तुला सापडत नाहीयेत."

"ठीक आहे."

"मी काढायला बघितल्या. निघत नाहीयेत."

"नाही निघत. एकदा दिलं की दिलं." तिने हे समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. तीन शब्दांच्या पलीकडे ती कित्येक महिन्यांनी गेली होती, म्हणून नवलला जरा धीर आला.

"मेमध्ये येशील ना तू?"

ती विचार करत होती. नवलने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

"पप्पा, तिथे येऊन मी काय करू?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर नवलने समजूत घातली असती, माफी मागितली असती. ती खरंच विचारत होती, आणि उत्तर असेल तर ऐकायला तयार होती.

"तू नुसती ये गं," तो घाईघाईने म्हणाला, "तुला काही करायला लागणार नाही. सगळं मी..."

बोलता बोलताच त्याला आपण काय बोलतोय ते ऐकू आलं, आणि तो थांबला.  पलीकडे बांगड्यांचा आवाज झाला.

"ती आत गेली," नूतन म्हणाली. "मेमध्ये नको म्हणतेय. तुम्ही काय म्हणालात तिला?"