बंड्याचं अपील
फ्रँकफुर्टजवळच्या गावात हरीश करंदीकरांचा बंड्या नावाचा कुत्रा दिसेल त्या पायाला मिठी मारून नको ते चाळे करायचा. पोस्टमनलाही त्याने सोडलं नाही, तेव्हा गावच्या ऑर्डनुंग्सआम्टने, म्हणजे सुव्यवस्था खात्याने, त्याला ‘धोकादायक’ ठरवून तोंडाला मुसकं बांधायला लावलं. हरीश चिडून कोर्टात गेले.

सुनावणीला बंड्या शहाण्यासारखा बसला होता. “हा समाजाला धोका आहे,” म्हणत सरकारी वकील पुढे आले आणि बंड्याने त्यांचाच पाय धरला. हरीशनी लाजेने डोळे मिटले.

न्यायाधीशबाईंनी हसू दाबत विचारलं, “चावला का?”

“नाही,” वकील पाय सोडवत म्हणाले.

“मग धोकादायक नाही, नुसता निर्लज्ज आहे. मुसकं काढा, शिकवणी लावा.”

घरी बायकोने, वासंतीने, विचारलं, “अहो, जिंकलात ना?”

“जिंकलो. पण त्याच्याबरोबर संस्कारवर्गाला मलाही बसायचंय.”