ओही

बावीस वर्षं झाली, ऑक्टोबर संपत आला की ग्रीसमधल्या कावाला गावातल्या आमच्या बालवाडीत मी तीच गोष्ट सांगते. अठ्ठावीस तारीख म्हणजे 'ओही'चा दिवस, 'नाही' म्हटल्याचा सण. भल्या पहाटे तीन वाजता परक्या देशाचा माणूस आपल्या दारात आला. म्हणाला, आमच्या सैन्याला आत घ्या. आपण काय म्हणालो? पोरं पाय आपटत ओरडतात, "ओही!" मग मी झेंड्यांचे निळे-पांढरे कागद वाटते आणि सुटते.

यंदा असिमिना ओरडली नाही. पाच वर्षांची पोर, एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही.

"बाई, त्याला खरंच आत नाही घेतलं?"

"नाही घेतलं."

"त्यानं 'सोन्या, थंडी वाजतेय, उघड ना' म्हटलं, तरी?"

पोरं खिदळली. मीही हसले, देव मला क्षमा करो. "असं कोण म्हणतं गं?"

"बाबा. आईनं कुलूप बदललंय ना, म्हणून तो रात्री माझ्या खिडकीखाली येतो. मी दार उघडते. मग आई पडते." तिनं कात्रीनं कागद सरळ कापला. "नाही म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

 गेल्याच महिन्यात तिची आई, देस्पिना, हात गळ्यात बांधून आली होती. जिन्यावरून पडले, म्हणाली. आणि मी शहाणी तिला म्हणाले होते, "अगं, जरा बघून चालत जा!" जीभ झडायला हवी होती माझी.

पोरांना खेळायला सोडून मी देस्पिनाला फोन केला, मग पोलिसांना. दोघंही निघालो म्हणाले. पण शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी असिमिनाचा बाप उभा. केस ओले करून चापून बसवलेले, हातात गरम बुगात्सा पेस्ट्रीचा पुडा.

"नमस्कार बाई! आज पोरीला मीच नेतो. हे तुमच्यासाठी."

न्यायला येणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. दोन वर्षं मी हसत हसत पोर त्याच्या हाती दिली होती. आता तो एक शब्द घशातून फुटेना. "तिचे... तिचे बूट घालतेय," मी पुटपुटले. घाबरट कुठली! हात तेवढा कडीकडे गेला आणि मी ती आतून सरकवली.

दप्तर पाठीला लावून असिमिना माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, मी म्हणू, की तुम्ही म्हणता?"

मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण म्हटलं.

त्याचं हसू जागच्या जागी गेलं. मागून जो चेहरा निघाला, तो पाहून मी दोन पावलं मागं सरले. असिमिना हललीसुद्धा नाही. तिच्या ओळखीचा होता तो.