पाहिलेली तारीख

पंधरा तारीख जांभळी होती.

तसं पाहिलं तर एवढंच. सोमवारची सकाळ, खडोलीच्या कारखान्याच्या ऑफिसातली ती काचेची थंडगार खोली, मोडेमची किरकिर थांबून नुकतीच लागलेली लाइन आणि पडद्यावर नोव्हेंबर एकोणीसशे नव्याण्णवचं पान. प्राजक्ताने अजून माउसला हातही लावला नव्हता.

तिचा धाकटा भाऊ मंगेश मालवाहू बोटीवर होता. बोटीच्या कंपनीने आपल्या पानावर महिन्याच्या सगळ्या तारखा ओळीने मांडल्या होत्या. त्या दिवसाच्या तारखेवर टिचकी मारली की बोट कुठल्या समुद्रात आहे, कुठल्या बंदराला लागली, ते एका ओळीत उमटायचं. न पाहिलेली तारीख निळी, एकदा पाहिली की जांभळी. आपण काय काय पाहिलं ते ब्राउझर अशा रंगाने लक्षात ठेवायचा. मंगेशचा मेल दसऱ्यापासून आला नव्हता. आई गुहागरला दर रविवारी शेजाऱ्यांच्या फोनजवळ जाऊन बसायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बोट कुठं पोचली गो?" तेव्हा ती एक ओळ म्हणजेच सध्या मंगेश होता.

आणि आजची ओळ कुणीतरी आधीच वाचली होती.

त्या कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसत नसे. सूत बाहेरदेशी पाठवणाऱ्या त्या कारखान्यात इंटरनेटचा पासवर्ड एकट्या प्राजक्तालाच ठाऊक होता. मॅनेजर भास्करराव तर पडद्याकडे पाहतानासुद्धा दोन पावलं मागे उभे राहायचे. ऑफिसचे मेल उतरवून झाले की पाच मिनिटं भावाच्या बोटीला, अशी सवलत त्यांनीच तिला दिली होती. तिने घाईघाईने तारीख उघडली. बोट लाल समुद्रात होती, ठीक होती. आपणच मघाशी चुकून टिचकी मारली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि चहासाठी काचेवर टकटक केलं.

सुकदेव आला तो हात हलवतच. नंदुरबारकडचा हा वयस्क शिपाई बोलायला मोकळा होता. "चहा तं मघाशीच ठेवला ना ताई. चपला दारात दिसल्या, म्हनलं आत बसेल असतीन."

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून त्या खोलीत चपला दाराबाहेर काढूनच जायची रीत होती. प्राजक्ता सिल्वासाहून बसने येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. "माझ्याच होत्या कशावरून?" तिने विचारलं.

"डाव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके. मीच तं शिवून देल्या ना ताई तुमाले?" सुकदेव हसला आणि कीबोर्डमागचा चहाचा ग्लास उचलून घेऊन गेला. ग्लास रिकामा होता. तळाशी चहाचं कडं वाळलं होतं.

मंगळवारी सोळा तारीख जांभळी होती. तिने खाली नजर टाकली. सतरा जांभळी, अठरा जांभळी, एकोणीस जांभळी. वीसपासून पुढच्या सगळ्या निळ्या. पुढच्या तारखांवर टिचकी मारली तर 'माहिती अजून उपलब्ध नाही' एवढंच येई. मग त्यात पाहण्यासारखं होतं काय, आणि पाहणारा एकोणीसलाच का थांबला? पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती, वीस तारखेपासून हे पान जुन्या ब्राउझरमध्ये उघडणार नाही. ती वाचून तिला क्षणभर हायसं वाटलं. वीस निळी का, याला निदान एक कारण तरी मिळालं होतं. पण कारण सापडलं म्हणून थकवा काही उतरत नव्हता. झोप होऊनही सकाळी तिचे पाय भरून आलेले असत, खूप चालून आल्यासारखे.

बुधवारी वापीहून कल्पेश आला. कारखान्यातले कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. गळ्यात बॅग, हातात दोन सीडी.

"बोला बेन, जुनाच ब्राउझर अपग्रेड करू, के नवा नाखून देऊ? लग्नासारखं आहे, पछी माझ्यावर नाव नाही आणायचं."

"फरक काय पडतो?"

"जुना अपग्रेड केला तर तुमचं बघितलेलं बधुं तसंच राहील. नवा टाकला तर एकदम कोरा. जाणे तुम्ही कधी काही बघितलंच नाही."

प्राजक्ताने दाराकडे पाहिलं. भास्करराव उंबऱ्याबाहेरच उभे होते, पायांत बूट घालून. "सर, काय करू?"

"मला त्यातलं काय कळतंय, बाई? तूच ठरव. आणि जरा जेवत जा, चेहरा बघ कसा ओढलाय तो."

तिला जुना आवडायचा. त्याचं अडखळणं, पान उघडताना आधी शब्द दाखवून चित्रं मागाहून आणणं, सगळं तिच्या सवयीचं झालं होतं. पण तो ठेवला असता तर त्या पाच तारखाही तशाच राहिल्या असत्या. "नवाच टाक," ती म्हणाली. "आणि जुना पुसून टाक. पूर्ण."

दुपारी नव्या ब्राउझरमध्ये पान उघडलं. पहिलीपासून तिसापर्यंत सगळा महिना निळा. तिने त्यातली एकही तारीख उघडली नाही, सकाळी जुन्यात सतरा पाहून झालीच होती. त्या निळ्या ओळींकडे पाहत ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. त्या रात्री ती जेवली, आणि झोपलीही.

गुरुवारी सकाळी सगळा महिना निळा होता. फक्त एकोणीस जांभळी.

तिने अठरा उघडली. बोट सुएझच्या तोंडाशी थांबलेली होती, कारण दिलं नव्हतं. मग एकोणीस. 'माहिती अजून उपलब्ध नाही.' म्हणजे उद्याची ती ओळ कुणाला तरी उपलब्ध झाली होती. मंगेशचं काय झालं ते कुणीतरी वाचलं होतं, आणि त्यानंतर त्याला पुढचं काहीच पाहावंसं वाटलं नव्हतं.

तिने शुक्रवारची रजा टाकली. उघडली नाही तर उमटणार नाही, असलं काहीतरी तिने मनाशी धरलं होतं. पण सकाळी दहाच्या सुमारास सिल्वासातल्या भाड्याच्या खोलीत तिला बसवेना. आईचा रविवार दोन दिवसांवर आला होता. बोट निघाली की अडकली, तेवढं कळलं तरी पुरे होतं. भास्कररावांना फोन करावा, कल्पेश आला असेल तर पासवर्ड देऊन त्याच्याकडून पान उघडून घ्यायला सांगावं, म्हणून ती घाईघाईने निघाली आणि नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली.

फोन एंगेज होता. दहा मिनिटांनी एंगेज. पुन्हा एंगेज. ऑफिसात एकच लाइन होती, ती इंटरनेटला जोडली की फोन लागायचा नाही. बाकी वेळी भास्करराव दोन मिनिटांच्या वर कधी बोलत नसत. आणि कल्पेशला पासवर्ड अजून ठाऊक नव्हता.

"बेन, नंबर बरोबर छे ने?" बूथवाल्याने काचेतून विचारलं. तिने मान हलवली. पाऊण तास झाला. काचेच्या त्या खोक्यात घाम गळ्यावरून खाली उतरत होता आणि त्या एकसुरी टूं टूंची तिला इतकी सवय झाली, की अचानक घंटी वाजायला लागली तेव्हा ती दचकून मागच्या काचेवर आदळली.

एक. दोन. तीन. चार.

"हॅलो," भास्कररावांचा आवाज.

बोटीचं विचारायचं होतं. वाक्य ओठांवर तयार होतं. पण लाइनच्या खरखरीत तिच्या तोंडून भलतंच निघालं, कुणा परक्या बाईसारखं. "प्राजक्ता आहे का?"

"आहे ना, रजा टाकूनही आलीये. आत्ताच तिचं इंटरनेट संपलं. पडद्यासमोर नुसती बसून राहिलीये, बोलत नाही काही. धरा हं, बोलावतो," ते म्हणाले. मग रिसीव्हरपासून लांब, कुणाला तरी त्यांनी हाक मारली, "सुकदेव, प्राजक्ताला म्हणावं फोन आहे. अरे, आतच आहे ती. या काय चपला दारात."

प्राजक्ताने खाली पाहिलं. बूथच्या लादीवर तिचे दोन्ही पाय अनवाणी होते.