‘आय’ल’ की ‘आय’ड’

माझी नात शिवप्रिया नऊ वर्षांची आहे. ती इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. तिला मराठी थोडंफार कळतं, पण बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत शिरते. मी सास्तूरच्या आसपासच्या शाळांत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी तिचं बोलणं पहिल्या वेळी मला निम्मंच कळतं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. पुस्तकात ‘आय विल’ हे दोन शब्द सुटे सुटे उभे असतात. तिच्या तोंडात ‘विल’ गिळला जातो आणि मागं नुसता एक ‘ल’ उरतो.

म्हणून मी तिला निरोप बोलून पाठवायला सांगतो. तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो. माझी बायको उमादेवी गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही, त्यामुळं ऐकायला कसली अडचणही येत नाही.

फेब्रुवारीअखेर मी तिला माझ्या पुस्तकी इंग्रजीत विचारलं, “एप्रिलच्या सुट्टीत सास्तूरला काय करशील?” दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. मला ऐकू आलं ते असं: मी बैलगाडीत बसेन. मी वासराला चारा घालीन. मी कैऱ्या मीठ लावून खाईन. आणि अज्जा, मी तुमच्यासोबत गच्चीवर झोपेन.

मी तो निरोप बहुतेक वीस वेळा ऐकला असेल.

मल्लेशला, म्हणजे माझ्या मुलाला, फोन करून विचारावं असं मनात आलं होतं. पण दोन वर्षं झाली, येण्याचं विचारलं की तो “बघू आप्पा” म्हणतो. त्या ‘बघू’त पोरीचा निरोप बुडवावा असं मला वाटेना. मी विचारलंच नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळालेलं आमचं घर दोन खोल्यांचं. वर मोकळी गच्ची, तिला कठडा नाही. झोपेत पोर लोळत कडेला गेली तर? मी रेवणसिद्ध गवंड्याला बोलावलं आणि चारी बाजूंनी कमरेएवढा कठडा बांधायला सांगितला. शेजारच्या महानंदाला शेंगदाण्याचे लाडू कसे करतात ते विचारून ठेवलं.

“गुर्जी, लाडू कशाला?” ती म्हणाली. “विलायतेच्या पोरीला पिझ्झा लागंल. बोलवा तुळजापूरहून.”

“लाडूच खाईल ती. माझी नात आहे.”

“व्हय, दिसतंय की. अजून महिना हाय आन् तुमी आताच दाढी करून बसलाव.”

संध्याकाळी माझ्या ओसरीवर गावातली सहा-सात मुलं इंग्रजी शिकायला येतात. त्या आठवड्यात मी त्यांना क्रियापदांची आखूड रूपं शिकवायला घेतली होती.

“आपण घरात शिरताना ‘मी आलो आहे’ असं म्हणतो का?”

“न्हाय गुरुजी. ‘आलोय’.”

“मग त्यातला ‘आहे’ कुठं गेला?”

“गिळला!” अमरसिंह म्हणाला. त्याचं उत्तर नेहमी सगळ्यांच्या आधी येतं, बरोबर असो वा नसो.

“बरोबर. इंग्रजी बोलणारेही गिळतात. पण लिहिताना गिळल्याची खूण ठेवतात. वर ही एक शेपटी.” मी फळ्यावर ‘आय विल’ लिहिलं, त्यातलं ‘वि’ पुसलं आणि शेपटी काढली. मग सांगितलं की हे आखूड रूप वाक्याच्या शेवटी एकटं उभं राहत नाही, त्याला पुढं कुणीतरी लागतं. ‘भूक लागली का?’ असं कुणी विचारलं तर ‘येस, आय’म’ म्हणून थांबता येत नाही. तिथं ‘येस, आय ॲम’ असं पूर्णच म्हणावं लागतं.

“म्हंजी भूक लागल्यावर गिळायचं न्हाय,” अमरसिंह म्हणाला आणि मुलं हसून लोळली.

मला वाटलं, खऱ्या बोलण्यातला नमुना आपल्या खिशातच आहे. मी फोन काढला, शिवप्रियाचा निरोप लावला आणि मुलांना सांगितलं, “यात ‘आय’ल’ किती वेळा येतं ते मोजा.”

ऐकून झाल्यावर सगळ्यांनी चार बोटं वर केली. सोनालीनं केली नाहीत. ती आठवीत आहे, मागं बसते, कमी बोलते.

“तुझे किती?”

“एक बी न्हाय, गुरुजी.”

“कान साफ करून ये की गं,” अमरसिंह म्हणाला.

“तू गप ए. गुरुजी, परत लावा.” ती पुढं सरकून फोनला कान लावून बसली. “ह्यो ‘ल’ न्हाय. ‘ड’ हाय. आय’ड. चारी बार ‘ड’च हाय.”

मी पुन्हा लावला. या वेळी शब्द माझ्या मनातून काढून टाकले आणि नुसता आवाज ऐकला. आय’ड. आय’ड. आय’ड. आय’ड. इतका स्वच्छ ‘ड’, की तो मला वीस वेळा ऐकूनही कसा सापडला नव्हता याचं नवल वाटलं.

“मंग ‘ड’ म्हंजी काय, गुरुजी?” सोनालीनं विचारलं.

पुढच्या धड्यात बघू, असं म्हणता आलं असतं. पण तिनं बरोबर ऐकलं होतं, आणि बरोबर ऐकणाऱ्या मुलाला मी आजवर कधी थांबवून ठेवलेलं नाही. मी फळ्यावर ‘वुड’ लिहिलं.

“तसं असतं, तर मी असं केलं असतं. समज, मला पंख असते तर मी उडालो असतो. आय’ड फ्लाय.”

“म्हंजी तुमी उडत न्हाईत,” सोनाली म्हणाली.

“नाही.”

अमरसिंहनं थोडा वेळ विचार केला. “मंग शिवप्रिया येत न्हाय व्हय?”

सोनालीनं त्याला चिमटा काढला. तो कळवळला.

“येते असं ती म्हणालीच नव्हती,” मी म्हणालो. “ऐकणाऱ्याची चूक झाली. सोनालीचं उत्तर बरोबर. टाळ्या वाजवा.”

त्यांनी वाजवल्या, पण हळू.

मुलं गेल्यावर मी शिवप्रियाला लिहिलं: ‘विल की वुड? आखूड नको, पूर्ण लिही.’

उत्तर लगेच आलं. मी पूर्ण लिहायला सांगितलं होतं, म्हणून तिनं सगळंच पूर्ण लिहिलं होतं. आय वुड, अज्जा. बाबा कॅन नॉट गेट लीव्ह. आय ॲम सॉरी. एकही अक्षर गिळलेलं नव्हतं.

सकाळी रेवणसिद्ध आला. तीन बाजू झाल्या होत्या. “चवथी घ्यू का, गुरुजी?”

“घे,” मी म्हणालो.

रविवारी मल्लेशचा व्हिडिओ कॉल आला. सुट्टीचं त्यानं सांगितलं, मी “असू दे” म्हणालो. मग त्यानं फोन पोरीकडं दिला. तिचा चेहरा पडला होता. अशा वेळी मला एकच गोष्ट करता येते, शिकवणं.

“आज एक मराठी शब्द शिकू या,” मी म्हणालो. “म्हण, येईन.”

“येइं.”

“शेवटचा ‘न’ सोडायचा नाही. येईन.”

“येईन.” मग तिनं भुवया आक्रसल्या. “बट अज्जा, बाबा सेड...”

“ठाऊक आहे. आज आपण फक्त उच्चार शिकतोय.”

“ओके. येईन.”

“छान,” मी म्हणालो. “अजून एकदा.”