सरांची नोंद कोण तपासणार?

मित्रांनो, मी लातूरचा एक जुना संगणक आहे. माझा पंखा आधीपासूनच घरघरतो, पण गेल्या पावसाळ्यात जे पाहिलं त्यानंतर तो जरा जास्तच घरघरतो, असं घरातले म्हणतात.

एका दुकानात सुटे भाग जोडून माझा जन्म झाला. उमेदीची वर्षं शिकवणी वर्गात गेली. माझ्यासमोर बसून सराव परीक्षा दिलेली कितीतरी मुलं आज डॉक्टर आहेत, आणि त्यातलं एकही मला ओळखणार नाही. नवी यंत्रं आली तशी मला अडगळीत ढकललं. तिथून लुंबिनीताईंनी मला घरी आणलं. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात.

ताईंनी माझ्यावर लातूर-नांदेडकडच्या भूछत्रांचा नोंदसंग्रह उभा केला. इंटरनेटवर तो सगळ्यांना खुला आहे. बांधावर, उकिरड्यावर, बाभळीच्या बुंध्याशी छत्री उगवलेली दिसली, की कुणीही तिची नोंद पाठवावी. नियम मात्र कडक. एक फोटो वरून, एक टोपी उलटी करून खालच्या पातळ पाकळ्यांचा आणि एक मुळापासून उकरलेल्या देठाचा. दुसऱ्या जाणकारानं तपासेपर्यंत नोंद पिवळी, तपासल्यावर हिरवी खूण. उलट्या टोपीचा फोटो नसला, तर ताई सख्ख्या भावाची नोंदही परत धाडायच्या.

परत जात नसत त्या फक्त ईश्वरप्पा सरांच्या नोंदी. सर म्हणजे ताईंचे गुरू, निवृत्त प्राध्यापक. नोंदसंग्रहाची कल्पनाही त्यांचीच आणि निम्म्या नोंदीही त्यांच्याच. त्या आल्या, की ताई न बघताच हिरवी खूण करायच्या. "सरांचं आपण काय तपासायचं?" म्हणायच्या. मलाही ते बरोबरच वाटायचं. गुरुजींच्या बेरजेत चूक काढणारा पोरगा आपल्याकडं उद्धटच ठरतो.

एका रविवारी हिमायतनगरच्या दिपालीची नोंद आली. ती तिथं शाळेत शिकवते. फोटो नियमाप्रमाणे होते, आणि शेवटी एक जास्तीचा होता. त्यात कढईत भाजी शिजत होती. खाली लिहिलं होतं, "सरांच्या नोंदीशी जुळली. खाण्याजोगी आहे, म्हणून आईनं भाजी टाकली."

ताईंनी उलट्या टोपीचा फोटो मोठा केला. पाकळ्या हिरवट होत्या. वरून अगदी तशीच दिसणारी खाण्याजोगी छत्री असते, पण तिच्या पाकळ्या पांढऱ्या असतात. हिरवट पाकळ्यांची विषारी. ताईंनी सरांची नोंद उघडली. वरून काढलेला एकच फोटो. बिचाऱ्या दिपालीनं पाकळ्या ताडून बघायच्या तरी कशाशी? आणि शेजारी ती हिरवी खूण. माझ्या अंगातून वीज तर रोजच वाहते, पण झटका मला त्या दिवशी पहिल्यांदा बसला.

त्यांनी फोन लावला. "दिपाली, ती भाजी कुणी खाऊ नका."

"बाबांनी खाल्ली ना ताई. तवापासून ओकून राहिलेत. आम्हाला वाटलं, शिळ्या भाकरीनं झालं."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने त्यांना. उरलेली छत्री सोबत घे, डॉक्टरांना दाखव."

दिपालीच्या वडिलांना, साहेबरावांना, नांदेडला हलवलं. ते धोक्याबाहेर आहेत असा फोन येईपर्यंत ताई माझ्यासमोरून उठल्या नाहीत. फोन आला आणि त्यांना रडू फुटलं.

संध्याकाळी सर आले. ताईंनी नोंद दाखवली.

"खालचा फोटो कुठाय?"

"तुम्ही पाठवलाच नव्हता, सर."

"मग खूण कुणी केली?"

"मी. तुमची नोंद होती, म्हणून."

सर खुर्चीत बसले. "गुडघे दुखत होते त्या दिवशी. वाकवलं न्हाई, वरूनच काढला," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटलं, तू विचारशील."

ताईंनी त्या नोंदीवरची हिरवी खूण काढून टाकली.

"माझ्या नोंदींवरच्या खुणा काढ."

"सगळ्या, सर?"

"हाव, सगळ्या. अन् पहिल्यापासून तपास."

माझा निम्मा संग्रह बघता बघता पिवळा पडला. इतक्या वर्षांत मी एवढा हादरलो नव्हतो. ज्यावर मी मिरवत होतो, त्यातलं खरं किती, हे मलाच माहीत नव्हतं.

साहेबराव घरी आल्यावर दिपालीनं कळवलं, "बाबा म्हणून राहिले, खाल्ल्यावर काय झालं ते बी लिहा. खाणाऱ्याचं नाव बी टाका, म्हंजे लोक घाबरतील." ताईंनी तसं लिहिलं आणि ती नोंद सरांनी तपासली. मग ताईंनी सरांची एक नोंद परत पाठवली. खालचा फोटो नाही, एवढे शब्दही त्यांनी दोनदा पुसून पुन्हा लिहिले. सर काठी टेकत लातूरजवळच्या मुरुडच्या शिवारात गेले आणि टोपी उलटी करून फोटो घेऊन आले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. तुम्ही द्याल ते जपून ठेवतो, चूकसुद्धा. माझ्यावरची धूळ तुम्ही कौतुकानं पुसता, पण माझ्या पोटात काय आहे तेही अधूनमधून बघत जा. मोठ्यांच्या पाया जरूर पडा. मग उठा आणि त्यांची नोंद उघडून तपासा, कारण ती कुणाच्या तरी घरी शिजणार असते.